सरूचं मनगट

“तोंडाला फासायला तुला डबी मिळते, आनि माझ्या टाचेत बोट जातंय ते नाय दिसत गो तुला?”

हा आवाज ठमाबाईचा, सरूच्या सासूचा. हमरापूरला आमच्या आणि त्यांच्या घरात भिंत एकच होती आणि तीही आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे पलीकडचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नसे. ऐकायचं नसेल तर मात्र उठून जावं लागे. मी उठले नाही. मांडीवर सूप होतं, तांदूळ निवडत राहिले.

झालं होतं एवढंच की सरूने पेणच्या बाजारातून क्रीमची एक डबी आणली होती, अंगठ्याएवढी. तिच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली असतील. गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची, त्या मजुरीतून आणलेली. आणि ठमाबाईचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून तिच्या टाचा अशा चिरल्या होत्या की सारवलेल्या जमिनीवरून ती गेली की मागे लाल ठिपके दिसायचे.

“घ्या, लावा तुमी,” सरू म्हणाली. “पन टाचेला नाय चालायची ती.”

“का नाय चालायची? चामडी ती चामडी!”

“सगली चामडी सारखी नसते. गणपतीच्या सोंडेला नि उंदराला एकच रंग मारतो का आपन?”

“मना उंदीर म्हनतेस?”

“टाचेला म्हनले.”

पलीकडे भांडं आपटलं. म्हटलं, आता रडारड सुरू होणार. तर सरूचा आवाज आला, अगदी हळू. “पाय इकडं करा. बघू द्या, किती खोल हाय.”

आठ दिवसांनी तिने राळ, मेण आणि खोबरेल कढवून मलम केलं. ठमाबाईचे पाय कोमट पाण्यात बुडवायचे, पुसायचे, भेगांत मलम भरायचं आणि वरून जगनचे मोजे चढवायचे. जगन म्हणजे सरूचा नवरा. लग्नात एकदाच घातलेले मोजे होते ते. महिन्याभरात भेगा भरल्या. ठमाबाई तोंडाने सुनेचं कौतुक करणारी नव्हती, तिने ते पायाने केलं. मिठागरात बायकांपुढे टाच वर करून दाखवत फिरली.

तिथून सरूचा धंदा सुरू झाला. धंदा म्हणजे काय, एक निळी पिशवी. गणपती गेले की कारखाने गार पडतात, हाताला काम नसतं. तेवढे महिने सरू पिशवी घेऊन फिरायची. हमरापूर, पेण, मग गाडीने रोह्यापर्यंत. ती कुठल्या कंपनीची बाई नव्हती. बाजारातून, औषधांच्या दुकानातून जे मिळेल त्यातून प्रत्येकीचं वेगळं गाठोडं बांधायची. धुवायचं, लावायचं आणि उन्हात जायच्या आधी लावायचं. किट हा शब्द तिने मागाहून उचलला, पोरी म्हणायला लागल्या तेव्हा.

घरात शिरली की पहिला प्रश्न ठरलेला. “महिन्याला किती जमेल? खरं सांग गो, मी काय तुला बघायला आलेली पाव्हनी नाय.” एक महिना भारीतलं लावायचं आणि दुसऱ्या महिन्यात परवडत नाही म्हणून बंद करायचं, त्यापेक्षा खोबरेल बरं, असं तिचं म्हणणं. मग त्या बाईला नुसत्या पाण्याने तोंड धुवायला लावायची आणि काही न लावता अर्धा तास बसवायची. त्या अर्ध्या तासात स्वतः चहा प्यायची. चहा तिला हवाच असायचा, पण कारण खोटं नव्हतं. अर्ध्या तासाने कोणाचं तोंड ओढायला लागतं, कोणाच्या नाकावर तेल चमकतं, कोणाचं कपाळ तेलकट आणि गाल कोरडे, ते बघूनच ती पिशवीत हात घालायची.

मिठागरातल्या बायकांना ग्लिसरीन आणि व्हॅसलीन, बाकी काही नाही. कारखान्यातल्या पोरींना सांगायची, स्प्रे मारायच्या आधी कोपरापर्यंत खोबरेल लावा, म्हणजे रंग कातडीत बसणार नाही. रोह्याला अनीसा म्हणून तिचं एक गिऱ्हाईक होतं. तिचा नवरा कमरुद्दीन आखातात नोकरीला. दर खेपेला तिकडून लोण्यासारखी जाड क्रीमं आणायचा. अनीसाच्या तोंडावर घामोळं उठायचं. सरूने ती बरणी उघडली, बोटाने चोळून बघितली आणि म्हणाली, “भाबी, ही वाळवंटातल्या हवेची. इथं आपन भात उकडतो तशा उकडून निघतो. ही हातापायाला लावा नि भाईंना सांगा, पुढच्या टायमाला खजूर आना.”

अनीसा इतकी हसली की तिला तेव्हापासून दुसरं कोणी चालेना.

आणि सगळ्यात शेवटी मनगट. हे समजायला कारखान्यातलं काम माहीत पाहिजे. गणपतीच्या अंगाचा रंग डब्यात एक दिसतो आणि सुकल्यावर दुसराच. म्हणून रंग कालवला की त्याचं एक बोट मनगटाच्या आतल्या बाजूला ओढायचं, सुकू द्यायचं, मग बघायचं. पसंत पडला तर मूर्तीवर जायचा. नाही पडला तर थिनरच्या चिंधीने पुसायचं आणि परत कालवायचं. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. सरूचा रंग सगळ्या हमरापुरात नावाजलेला. मालक म्हणायचे, सरूबाईंचं मनगट दाखवा, मग डबा उघडा.

तीच सवय तिने क्रीमला लावली. नवीन काही आलं की दोन दिवस स्वतःच्या मनगटावर. जळजळलं नाही, लाल झालं नाही, तर गिऱ्हाइकाच्या कानामागे दोन दिवस. मग तोंडाला. “आधी माझं मनगट, मग तुझा कान, मग तुझं तोंड,” म्हणायची. पंचवीस वर्षांत तिने कोणाचं तोंड बिघडवलं नाही. दुसरं तिच्याकडे काही नव्हतं. मूलबाळ झालं नाही, ठमाबाई गेली, जगन स्प्रे मारून मारून दम्याने गेला. हे एक नाव राहिलं होतं.

आम्ही मधल्या काळात हमरापूर सोडलं. माझा मुलगा कमळाकर रोह्याला कंपनीत लागला, तिथून जवळच वरश्याला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. भिंत तुटली, पण सरूचं येणं सुटलं नाही. माझी नात किमया पाळण्यात असल्यापासून तिच्या अंगाला कुठलं तेल लावायचं हे सरू सांगणार आणि आमची सून नमिता ते मोबाइलवर तपासून बघणार.

आता जे सांगायचं ते तीन वर्षांपूर्वीचं.

किमया वीस वर्षांची झाली होती. रोह्यात दागिन्यांच्या एका दुकानात तिला काउंटरवर नोकरी मिळत होती. पोरीचा रंग, नाकडोळे छान, पण गालांवर पुटकुळ्या. मालक तिला म्हणाला, एक तारखेपासून या, तेवढं तोंडाचं काहीतरी बघा. एक तारखेला नऊ दिवस होते.

पोरीने जेवण सोडलं. नमिताने मोबाइलवर एक किट शोधलं, अठराशे रुपयांचं. त्यात सात बाटल्या. सरूने ते चित्र लांब धरून बघितलं.

“सात? तोंड एकच हाय ना गो तुझं?”

किमया पहिल्यांदा हसली त्या दिवशी. मग सरूने तिला तोंड धुवून बसवलं, चहा प्यायला, बघितलं आणि साधंच काढलं. एक सौम्य साबण, एक पातळ लोशन, एक उन्हाचं. चारशेच्या आत. “हे रोज. पुटकुळी फोडायची नाय. तीन म्हयन्यांत बघ.”

“तीन महिने?” किमया उठून आत गेली. दाराचा आवाज केला.

नमिता गॅलरीत कपडे काढायला गेली. स्वयंपाकघरात मी आणि सरू, दोघीच. मला पोरीचं तोंड बघवेना. मी म्हटलं, “गो सरू, लवकरचं काय नाय तुझ्याकडं?”

ती थांबली. पिशवीच्या तळातून तिने एक पांढरी डबी काढली. सोन्यासारखं झाकण, वर फुलं आणि कुठल्या देशाची ती अक्षरं. पेणला एक एजंट देऊन गेला होता. कारखान्यातल्या पोरी मागत होत्या म्हणून तिने अशा काही डब्या घेऊन ठेवलेल्या.

“ही हाय. आठ दिवसांत तोंड साफ नि उजळ करते म्हनतात,” ती म्हणाली. “पन मी अजून कोनाला दिली नाय. मनगटावर चार दिवस लावली, कायच झालं नाय. आता कानामागं दोन दिवस बघते पोरीच्या, मग शनिवारी...”

“शनिवारपर्यंत कुठं बसतेस? दिवस मोजके राहिले.”

“वैनी, कान बघायला पायजे.”

आणि मी म्हटलं, “तुझं मनगट आजवर कधी खोटं बोललंय का?”

हे मी म्हटलं. माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. सरूने माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं. मान डोलावली. “तुमी म्हनताय तर,” असं काहीतरी पुटपुटली आणि डबी ओट्यावर ठेवली. म्हणाली, मुगाएवढी घ्यायची, जास्ती नको, उन्हात जायचं नाही.

वीस वर्षांची पोर मुगाएवढी कुठली घेते. तिने चिंचोक्याएवढी घेतली. तिसऱ्या दिवशी गाल लाल झाले. तिला वाटलं, रंग उजळतोय. चौथ्या दिवशी जळजळ सुरू झाली आणि त्याच दिवशी ती दुकानात कागद द्यायला भर दुपारी गेली. पाचव्या दिवशी सकाळी उशीवर कातडीचे पापुद्रे होते. दोन्ही गाल सोललेले. खाली आधी लाल, मग तपकिरी, मग काळं होत गेलं. डोळ्यांखालपासून जबड्यापर्यंत, जसा मूर्तीवर स्प्रे चुकून उडावा तसा डाग.

दुकानाचा मालक म्हणाला, बऱ्या झाल्या की या. पंधरा दिवसांनी तिथे दुसरी मुलगी उभी होती. किमया ओढणी घेऊन घरात बसली. आरसा तिने उलटा करून ठेवला.

सरूला मी फोन केला. ती दुपारच्या गाडीने आली. चप्पल काढेपर्यंत नमिता दारात उभी.

“पोरीचं तोंड जाळलंत तुम्ही! पंचवीस वर्षांचा अनुभव म्हणे. काय शिकलात तुम्ही, कुठं शिकलात? मूर्त्या रंगवणारी बाई, तिच्या हातात मी माझी पोर दिली!”

सरूने चप्पल कडेला सारली.

“कानामागं लावून बघता ना सगळ्यांच्या? मग माझ्याच पोरीच्या वेळी काय झालं होतं?”

तेव्हा सरूने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी गॅसकडे वळले आणि डाळ ढवळायला लागले. डाळ शिजून झाली होती.

“चुकलं माझं,” सरू म्हणाली. एवढंच.

रोह्याच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो तेव्हा सरू पण आली. नमिता नको म्हणत होती तरी आली. पिशवीत डबी होती. डॉक्टरीणबाईंनी डबी फिरवून बघितली. आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“हे कोणी दिलं?”

“मी,” सरू म्हणाली. “पन डॉक्टर, मी चार दिवस लावली व्हती. माझ्या हाताला कायच झालं नाय. हे बघा ना.” आणि तिने बाही वर करून मनगट पुढे केलं. जसं मालकापुढे करायची तसं.

डॉक्टरीणबाईंनी ते मनगट धरलं. थोडा वेळ अंगठ्याने चोळत राहिल्या. आतली बाजू असून कातडी जाड, चकचकीत, चपलेच्या वादीसारखी झालेली. त्यांनी टेबलावरची सुई घेतली.

“मावशी, डोळे मिटा. टोचलं की सांगा.”

सरूने डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी टोचलं. मग थोडं वर टोचलं. मग खाली. रक्ताचा एक थेंब वर आला.

“टोचा ना,” सरू म्हणाली.

सरूने डोळे उघडले आणि मनगटावरचा थेंब बघितला. पदराच्या टोकाने पुसला.

“किती वर्षं काम करता?”

“तीस.”

“थिनरने पुसता? आणि शुगर कधी बघितली होती?”

बघितलीच नव्हती. लगेच बघितली तर आकडा असा की डॉक्टरीणबाईंनी दोनदा सुई टोचून परत बघितला. म्हणाल्या, हाताचं कशाने गेलं ते सांगता येणार नाही, थिनर असेल, शुगर असेल, दोन्ही असेल. पायाचंही गेलं असेल. उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जा, गोळ्या सुरू करा आणि पायात चप्पल घातल्याशिवाय चालू नका. सरू हो हो म्हणत होती आणि मनगटाकडे बघत होती.

परत येताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली. तळाफाट्यापाशी म्हणाली, “किती वर्सं झाली असतील हो वैनी?”

“कशाला?”

“हे मेल्याला. मी किती जनींना सांगितलं असेल, माझ्या मनगटावर इस्वास ठेवा.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “कानांनी वाचवलं मना इतकी वर्सं. माझं मनगट कवाच नव्हतं.”

मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. रिक्षात पुढे नमिता बसली होती.

सरूने उरलेल्या डब्या कारखान्यामागे फुटक्या मूर्तींचा खड्डा असतो, त्यात फोडून पुरल्या. मग महिनाभर ती घराघरात गेली. विकायला नाही, सांगायला. माझ्या मनगटाला कळत नाही, माझ्याकडून नवीन काही घेऊ नका, असं तिने मिठागरातल्या बायकांना, कारखान्यातल्या पोरींना सांगितलं. लोकांना गोष्ट आधीच कळली होती. काहींनी दार उघडलं नाही. एकीने पाच वर्षांपूर्वीचं वांग तिच्या नावावर घातलं. अनीसाने तेवढं चहाला बसवलं. म्हणाली, “माझा कान शाबूत आहे ना सरूबाई? मग काय? दोन दिवसांच्या जागी चार दिवस थांबू.” पण एका कानावर धंदा चालत नाही.

कारखान्यातही तिला मूर्तीच्या अंगाचा रंग कालवायच्या कामावरून काढलं. रंग बघायला कातडी जिवंत लागत नाही, डोळा लागतो, पण सांगणार कोण. तिला उंदीर रंगवायला दिले. हे तिनेच मला हसून सांगितलं. “वैनी, सासूचा शाप लागला बगा. उंदरावर आले.”

दर मंगळवारी सकाळच्या गाडीने ती वरश्याला यायची. डॉक्टरीणबाईंनी किमयाला लिहून दिलेलं सगळं ती आणायची, सौम्य साबण, मलम, उन्हाचं लोशन. उन्हाचं लोशन महाग होतं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. त्याच्यावाचून डाग जाणार नाही असं बाईंनी बजावलं होतं. सरूने पेणला तीन दुकानं फिरून तेच औषध दुसऱ्या नावाचं स्वस्तात शोधलं, डॉक्टरीणबाईंना दाखवून आली, मग आणलं. नमिता पिशवी घ्यायची, बस म्हणायची नाही. “आणायलाच पाहिजे त्यांनी,” मला म्हणायची. मी मान हलवायची.

तिच्या शुगरच्या गोळ्या? एकदा विचारलं तर म्हणाली, घेते. पिशवीत बघितलं तर पाकीट होतं, त्यातल्या गोळ्या जुन्याच. महिन्याला किती जमेल, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला होता आणि उत्तर किमयाच्या लोशनएवढंच निघालं होतं.

“पोरीचं तोंड बरं होऊ दे,” म्हणाली. “मग माझं बघू.”

किमया तिच्याशी बोलली नाही. पहिले काही महिने खोलीतून बाहेरच यायची नाही. मग यायला लागली, पण तोंड मिटून. नवीन बाटली आणली की सरू तिला बसवायची आणि तिच्या कानामागे एक बोट लावायची. डॉक्टरांनी दिलेलं, दुकानातलं, शिक्का असलेलं औषध, तरी लावायची. पोर गप्प बसून राहायची. दोन वर्षांत डाग अर्धा गेला. उजवा गाल जवळपास आपला झाला. डाव्यावर अजून आहे. तो राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गेल्या मार्गशीर्षात सरू गेली. टाचेत काहीतरी शिरलं होतं, मूर्तीच्या सांगाड्यातली तार असावी. तिला कळलंच नाही. त्याच पायाने किती दिवस चालत होती कोणास ठाऊक. बुधवारी ताप चढला, गुरुवारी शेजाऱ्यांनी अलिबागला नेलं, शनिवारी पहाटे आटोपलं. सगळ्या खाडीकाठच्या बायकांच्या टाचा भरून काढल्या आणि स्वतःच्या टाचेतलं बघायला तिच्याजवळ कोणी नव्हतं. मीही नव्हते. एकदा समोर होते तेव्हाही मला दिसलं नाही, ते पुढे सांगतेच.

तिच्या दहाव्याला हमरापूरला जाऊन आले आणि घरी येऊन मी सुनेला आणि नातीला समोर बसवलं. म्हटलं, कान बघू दे असं सरू म्हणत होती. घाई मी केली. तुझं मनगट कधी खोटं बोललंय का, असं मी तिला म्हटलं होतं.

नमिता माझ्याकडे बघत राहिली. किमया शांतपणे म्हणाली, “मला माहीत आहे, आजी.”

“काय माहीत आहे?”

“मी खोलीतच होते ना. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं आत.” मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “तू कधी सांगतेस ते बघत होते. मग त्या गेल्याच.”

दोन वर्षं त्या पोरीला माहीत होतं. मी बोलले नाही, तीही बोलली नाही आणि सरू तर बोलणारच नव्हती. तिघींनी मिळून ते सरूच्या पिशवीत टाकलं होतं आणि ती ते दर मंगळवारी जिने चढून घेऊन येत होती.

ती शेवटची आली तो मंगळवारही तसाच होता. साडेदहाला बेल वाजली. मी दार उघडलं. सरूचं तोंड सुजल्यासारखं वाटलं, डोळे बारीक झालेले. म्हटलं, “बरं नाय काय गो?”

“गाडीत बसायला मिळालं नाय, बाकी काय नाय.”

चप्पल दाराबाहेर काढून ती आत आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तरी लोकांच्या घरात चप्पल घालून कशी येणार. खुर्चीवर बसली, पिशवीतून एकेक काढून टेबलावर मांडलं. साबण. मलम. उन्हाच्या लोशनची नवी बाटली. नमिताने चहा ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा न विचारता ठेवला, हे मला नंतर आठवलं. सरूने बशीत ओतून प्यायला.

किमया बाहेर आली. ओढणी नव्हती डोक्यावर. सरूसमोर खाली बसली आणि केस एका बाजूला करून कान पुढे केला. सरूने चष्मा चढवला. बाटलीचं बूच काढून करंगळीवर मुगाएवढं घेतलं आणि कानामागे लावलं, हळू, मूर्तीच्या डोळ्याची आखणी करताना रंग लावायची तसं. मग हनुवटीला धरून पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. उजवा गाल बघितला. डावा बराच वेळ बघितला.

“पुटकुळ्या गेल्या बग,” म्हणाली. “मी तीन म्हयने म्हनले व्हते.”

किमयाच्या ओठाचा कोपरा हलला. हसली की काय, मला सांगता येणार नाही.

“बाटली तीच हाय ना गो सरू?” मी विचारलं. “दर वेळी काय कान बघतेस?”

“नाव तेच. बाटली नवी.” तिने बूच घट्ट लावलं. “थांबायला काय पैसे पडतात?”

ती उठली, रिकामी पिशवी घडी करून काखेत घातली आणि दाराकडे गेली. तिच्या मागे फरशीवर तीन-चार ठिपके दिसले, तपकिरी, ओलसर. मला वाटलं कारखान्यातला रंग असेल, उंदराचा. मी फडकं घेतलं आणि पुसून टाकले.

जिना उतरण्याचा तिचा आवाज येत होता, एका लयीत, कुठे न अडखळता. मी गॅलरीत गेले. खाली रिक्षा उभी होती, स्टेशनला जायला. चढायच्या आधी तिने नेहमीसारखी मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि किमया खिडकीत असेल तिकडे बघून ओरडली, “गुरुवारपर्यंत तोंडाला लावू नको गो! कुनी काय पन म्हनू दे!”